मूल होईपर्यंत

स्वतः खाल्लेला डबा आणि दुसऱ्याने खाल्लेला डबा यांतला फरक मला हात लावला की कळतो. स्वतः खाल्लेला डबा तसाच घरी येतो. भाजीचं तेल कडेला थिजलेलं, पोळीचा कपटा तळाला चिकटलेला, झाकण उघडलं की दिवसभराचा कोंडलेला वास. दुसऱ्याने खाल्लेला डबा विसळून येतो. फुकटचं खाणाऱ्याला तेवढी लाज असते.

माझ्या नातसुनेचा डबा मंगळवारी आणि शुक्रवारी विसळून येत होता.

आमच्या घरात भांडी माझ्याकडे आहेत. गुडघे गेलेत, खाली बसून काही होत नाही, पण सिंकपाशी उभं राहून घासता येतात. शहाडला दुसऱ्या मजल्यावर आमची जागा आहे. मी, सून, नातू आणि नातसून असे चौघे राहतो. मुलगा नोकरी संपल्यावर कोकणात गावच्या घराकडे गेला आणि तिथेच रमला, सणावाराला येतो. त्यामुळे या गोष्टीत तो फारसा नाही. नातसून बी.कॉम. झालेली, वागळे इस्टेटला एका ऑफिसात हिशोबाचं काम करते. मी चौथी पास. ती पेपर वाचताना मोबाइल बघते, मी पेपर वाचताना पेपर बघते.

लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तेव्हा कुठे तिला दिवस राहिले. घरात सगळे हवेत होते. सुनेने तर पाळण्याची दोरीसुद्धा बघून ठेवली होती. पोर नीट हातात येईपर्यंत मी आनंदाची घाई करत नाही.

सहावा महिना संपत आला होता. कल्याणच्या डॉक्टरणीकडे तिला न्यायचं होतं, नातवाची ड्युटी होती, सुनेचा दात ठणकत होता, म्हणून मी गेले. डॉक्टरीण तरुण, आमच्या नातसुनेपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने पोटावर ते यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग हात पुसून समोर येऊन बसली.

"बाळ महिन्याच्या मानाने लहान वाटतंय," ती म्हणाली. "आणि तुमचं रक्त कमी झालंय. तुमचं वजनही मागच्या वेळेपेक्षा वाढलेलं नाही. जेवण नीट आहे ना?"

"हो, जेवते मी," नातसून म्हणाली.

"मंगळवारी आणि शुक्रवारीही?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघायलाच लागली. डॉक्टरीणही बघायला लागली.

"डबा विसळून येतो तुझा त्या दिवशी," मी म्हटलं. "कोणाला देतेस?"

तिने मान खाली घातली. "उपास असतो माझा."

"उपासाला काय खाता?" डॉक्टरणीने विचारलं.

"चहा घेते. दोन-तीनदा. संध्याकाळी दिवा लावला की जेवते."

"मी दिलेली रक्तवाढीची गोळी?"

"घेते ना. चहाबरोबर."

डॉक्टरणीने हातातलं पेन खाली ठेवलं. रागावली नाही, पण आवाज बदलला. म्हणाली, "ती गोळी चहाबरोबर घेतली की अंगाला लागतच नाही. मग आम्ही दिली काय आणि नाही दिली काय." मग तिने समजावून सांगितलं. बाळ आईच्या रक्तावर वाढतं. रक्तच पातळ असेल आणि पोट रिकामं असेल तर बाळ तरी काय घेणार? "सगळंच खाण्यावर नसतं," हेही ती म्हणाली. "कधी बीपीमुळे होतं, कधी वारेतून रक्त नीट जात नाही म्हणून होतं. तुमचं ते सगळं आत्ता तरी ठीक दिसतंय. म्हणून खाणं, गोळ्या आणि आराम, आपल्या हातातलं तेवढं करा. तीन आठवड्यांनी परत बघते. वाढ दिसली नाही तर भरती करून लक्ष ठेवावं लागेल. कदाचित दिवस भरायच्या आधी बाळंतपण करावं लागेल."

"लहान झालं तर काय होतं?" नातसुनेने विचारलं. ऑफिसात जाणारी, फोनवर तावातावाने बोलणारी मुलगी, आवाज एवढासा झाला होता.

"अडीच किलोच्या आतलं बाळ असलं की जास्त जपावं लागतं. अंग गरम राहत नाही. आजार लवकर धरतं. दूध ओढायलासुद्धा ताकद नसते कधीकधी."

दूध ओढायला ताकद नसते, हे मला कोणी सांगायला नको होतं. माझी पहिली मुलगी तशीच होती. आमच्या वेळी गावात सांगायचे की शेवटचे महिने पोटभर जेवायचं नाही, मूल मोठं झालं तर अडतं. शिवाय म्हणायचे, पोट एकच, त्यात भाकरी भरली तर पोर कुठे राहील? सासू ताटात अर्धी भाकरी ठेवायची, तीही माझ्या भल्यासाठीच. बाळंतपण अगदी सोपं झालं. मुलगी माझ्या हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी होती. छातीशी धरली की तोंड उघडायची आणि तशीच झोपायची. महिना भरायच्या आत गेली. कशाने गेली ते कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. तिचं वजन कोणीच केलं नव्हतं. पुढची दोन्ही मुलं मी आईकडे राहून, खाऊनपिऊन काढली. ती जगली. त्या गोष्टीला साठाच्या वर वर्षं झाली, मी रोज आठवत बसत नाही. त्या दिवशी आठवली, एवढंच.

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "झालं ना? आता बंद कर ते उपास."

"नाही बंद करता येणार आजी."

"का? पाय धरून ठेवलेत का कोणी?"

"बोललेय मी देवीला. तुम्हीपण होतात की."

होते खरी. दोन वर्षांपूर्वी गावी गेलो होतो तेव्हा देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्याकडे माणूस देवीशी स्वतः बोलत नाही, गुरव बोलतो. आपण त्याच्या कानाशी सांगायचं, तो देवीपुढे उभा राहून मोठ्याने मांडतो आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. तिने त्याला सांगितलं होतं आणि त्याने खणखणीत आवाजात मांडलं होतं, "या लेकराला मूल होईपर्यंत ती तुझा मंगळवार आणि शुक्रवार कडक धरेल." आम्ही सगळे म्हणालो, व्हय महाराजा. माझं लक्ष नव्हतं. माझे गुडघे दुखत होते आणि देवळात बसायला बाक नव्हता.

"अगं, तुला म्हणायचं काय होतं?" मी विचारलं.

"दिवस राहीपर्यंत. म्हणजे, गुड न्यूज येईपर्यंत."

"मग तसं का नाही सांगितलंस?"

"मी गुरवांना एवढंच म्हटलं की मूल होऊ दे, तोपर्यंत उपास करीन. त्यांनी तसंच मांडलं. आता दिवस राहिले, पण मूल कुठे झालंय? शब्द गेला ना आजी. मधेच सोडला आणि काही वाईट झालं तर? मग मी कोणाला तोंड दाखवू?" ती रडायला लागली. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "तू समोर बघ बाबा, समोर खड्डा आहे."

तिच्यावर हसायचं कारण नव्हतं. सहा वर्षं बाया तिच्या पोटाकडे बघत होत्या. हातातोंडाशी आलेलं जाईल ही भीती शिकल्याने जात नाही. मी देवाधर्माची बाई नाही, उपास मी जन्मात धरला नाही. पण तिला ठोकून काढून काही होणार नव्हतं. जबरदस्तीने जेवायला घातलं असतं तर घास तिच्या घशाखाली उतरला नसता.

घरी आल्यावर सुनेशी जुंपली. तिला या उपासांचं माहीत होतं. माहीत म्हणजे काय, अभिमानच होता. शेजारणीला सांगून झालं होतं की आमची एवढी शिकलेली असून किती कडक करते.

"तुला ठाऊक होतं आणि तू मला बोलली नाहीस?" मी म्हटलं.

"तुम्हाला बोलून काय करायचं आई? तुमचा कशावर विश्वास आहे का?"

"आहे. बोंबलावर आहे."

"बघा, हे असं! देवीची गोष्ट चाललीय आणि यांना बोंबील सुचतात."

"देवीने पोर दिलं ते उपाशी ठेवायला दिलं का? डॉक्टरीण सांगतेय पोर वाढत नाही."

सुनेचा चेहरा उतरला. ती वाईट बाई नाही. दाताने गाल सुजलेला, त्यावर हात धरून ती खुर्चीत बसली. "मग काय करायचं?" म्हणाली. "बोललेला नवस मोडायचा? आपल्या घरात कोणी मोडला नाही आजवर."

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. सुनेचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तिला उपाशी राहू नका म्हणून बजावलं होतं. मार्गशीर्षातले तिचे गुरुवार तिने सरळ नातसुनेला देऊन टाकले. आमच्याकडे ही पद्धतच आहे. सासू थकली की आपले उपास सुनेकडे देते, जशा कपाटाच्या चाव्या देते. हातात विडा द्यायचा, हातावर पाणी सोडायचं, देवाला सांगायचं की आजपासून हे हिच्याकडे. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"तू तुझे गुरुवार हिला दिलेस," मी सुनेला म्हटलं. "तेव्हा देव काही बोलला का?"

"नाही. त्याने काय बोलायचंय, ती रीतच आहे."

"मग हिने आपले मंगळवार-शुक्रवार मला द्यायचे."

नातू नुकताच कामावरून आला होता, दारातच बूट काढत उभा होता. तो हसायला लागला. "आजी, तू? उपास? तू एकादशीला अंडं खातेस."

"एकादशी माझ्या अंगावर नव्हती. हे वार अंगावर घेतले तर करीन."

"पण हे खालून वर कसं जाणार?" सून म्हणाली. "सासूकडून सुनेकडे येतं. सुनेकडून आजेसासूकडे गेल्याचं मी ऐकलं नाही."

"पाणी आहे का ते, खालीच जायला? तुझ्या देवीला माणूस हवंय ना उपाशी? मी माणूस आहे."

सुनेने गावी मुलाला फोन लावला, मुलाने गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला की घरातल्या घरात आहे, चालतंय. माझा मुलगा फोनवर म्हणाला, "आईला झेपेल का?" मी म्हटलं, "तू तिकडे तुझी काजूची झाडं बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नातसुनेने आंघोळ करून देवापुढे मला पाटावर बसवायला घेतलं. पाटावर बसवलं असतं तर उठवायला क्रेन लागली असती, म्हणून मी खुर्चीत बसले. तिने माझ्या हातात विडा-सुपारी दिली, वर पाणी सोडलं आणि म्हणाली, "आजपासून माझे मंगळवार आणि शुक्रवार आजींकडे. मूल होईपर्यंत." नीट बोलली या वेळी. माझ्या पाया पडायला वाकत होती, मी म्हटलं, वाकू नकोस, पोट दाबेल.

मी एकच अट घातली. "माझा उपास फराळाचा असेल. तुझ्या वेळी चहा चालला, माझ्या वेळी रताळं चालेल. आणि माझ्या वाटणीचं जेवण तू जेवायचं. मी उपाशी राहीन आणि तूही डबा दुसरीला वाटशील, तर मी त्या दिवशीच वडापाव खाऊन येईन."

"शुगर आहे का तुम्हाला?" पुढच्या खेपेला हे सगळं ऐकून डॉक्टरणीने मला विचारलं. "शुगर नाही, दात नाहीत," मी म्हटलं. ती बराच वेळ हसत होती.

उपास सोपा नसतो, हे आता मी सांगू शकते. साबुदाण्याची खिचडी मला कधी आवडली नाही, कवळीला डिंकासारखी चिकटते. रताळं उकडून, राजगिऱ्याची खीर, केळं, यावर मी दिवस काढायचे. मंगळवारचं काही नाही. पण शुक्रवार! शुक्रवारी आमच्या बिल्डिंगखाली मासेवाली येते. वीस वर्षं मी तिची शुक्रवारची पहिली गिऱ्हाईक. ती खालूनच ओरडायची, "काय गो आजी, शुकरवारचा मावरा सोडलास? रागवलीस काय माझ्यावर?"

मी गॅलरीतून सांगायचे, "तुझ्यावर नाही, देवीवर."

तरी मासे घरात यायचेच, नातसुनेसाठी. बांगडा आणला की तिचा वाटा मीच शिजवायचे आणि वास घेत बाजूला रताळं सोलायचे. सूनही लागली कामाला. तिने आधी उत्साहाने डिंकाच्या लाडवांची तयारी काढली, ती मी परत डब्यात भरायला लावली. ते बाळंतपणानंतरचं. त्याऐवजी सकाळी नाचणीची आंबील किंवा खीर, एक उकडलेलं अंडं, डब्यात मोड आलेले मूग किंवा मटकी, पोळ्या, भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. चारच्या भुकेला वेगळी छोटी डबी द्यायचो, तीत शेंगदाणे, गूळ, कधी खजूर. आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी. गोळी जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि चहा त्याच्या आसपास नाही. गोळीने शौचाला काळं होतं म्हणून ती घाबरली होती, मधे दोन दिवस गोळी घेतलीच नव्हती. मी म्हटलं, लोखंड खातेस, गुलाबी होईल का? डॉक्टरणीला फोन केला, ती म्हणाली असंच होतं, घेत राहा.

आरामाचं नातवाला सांगितलं. पाण्याचा पंप, बादल्या, कपडे वाळत घालणं हे त्याचं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मी दमून येतो गं आजी." मी म्हटलं, "तुझ्या पोटात काय आहे? वडापाव. तिच्या पोटात माणूस आहे." रविवारी दुपारी ती डाव्या कुशीवर झोपायची आणि तो शेजारी बसून कांदे चिरायचा. मला ते बघायला बरं वाटायचं. आमच्या काळात कोणी पुरुष बसला असता तर गाव गोळा झालं असतं.

डबे आता तसेच यायला लागले. तेलकट, वास मारणारे. मी ते आनंदाने घासायचे.

तीन आठवड्यांनी डॉक्टरणीकडे आम्ही सगळेच गेलो. सुनेने दारात चप्पल काढली, जसं काही देऊळच आहे. डॉक्टरणीने यंत्र फिरवलं. "वाढलंय," ती म्हणाली. "अजून बारीकच आहे, पण चांगलं वाढलंय. असंच चालू ठेवा." रक्तही थोडं वर आलं होतं. सून डोळे पुसत म्हणाली, "देवीची कृपा." डॉक्टरीण म्हणाली, "आणि मुगाची." मी काही म्हटलं नाही, कारण तो मंगळवार होता आणि मला भूक लागली होती.

बाळंतपण दिवस भरूनच झालं. शुक्रवारच होता. सकाळीच कळा सुरू झाल्या, नातवाने रिक्षा आणली आणि आम्ही कल्याणला पोहोचलो. सून जप करत होती. मी बाकावर बसून केळं खाल्लं. या देवळात निदान बाक होता.

दुपार व्हायच्या सुमाराला नर्स बाहेर आली. "मुलगी झाली," म्हणाली. नातू म्हणाला, "बायको कशी आहे?" तो आधी हे बोलला, ते मी लक्षात ठेवलं आहे. बायको ठीक होती. मी विचारलं, "वजन?"

"दोन किलो सातशे."

सुनेला एकदम ते कळलं नाही, ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अडीचच्या वर आहे. वर आहे!" मग ती त्या नर्सलाच मिठी मारायला गेली.

माझ्या उपासाने मुलीचं वजन वाढलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरणीनेच सांगितलं होतं की सगळं आपल्या हातात नसतं. एखादी सगळं नीट करते आणि तरी पोर लहान होतं, तिला बोल लावू नये. पण आपल्या हातातलं होतं ते आम्ही केलं, आणि मुलगी दूध ओढत होती. नर्सने तिला आईजवळ दिली तेव्हा मी मुद्दाम वाकून बघितलं. गाल आत-बाहेर होत होते. चांगली जोर लावून ओढत होती. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले, गुडघे दुखत होते तरी.

नातसून माझ्याकडे बघून हसली. "आजी, मला भूक लागलीय."

"मलाही," मी म्हटलं. "मी चालले घरी."

सून म्हणाली, "आई, आज शुक्रवार आहे. एवढे केलेत, आजचा दिवस तरी पुरा करा."

"बोलणं काय झालंय? मूल होईपर्यंत. मूल झालं. बघ, तिथे आहे."

नातवाने मला शहाडला आणून सोडलं. मासेवाली टोपली उचलायच्याच बेतात होती. ओले बोंबील उरले होते तिच्याकडे. मला बघून म्हणाली, "आज कशी आलीस गो खाली?" मी सांगितलं, पणती झाली, दोन किलो सातशे. तिने तेवढ्याच पैशात बोंबील मूठभर जास्त टाकले आणि म्हणाली, "हे पोरीचं." मी कालवण केलं, आंबट, पातळ. ओल्या बोंबलाला दात लागत नाहीत. भात घातला आणि ताट रिकामं होईपर्यंत मान वर केली नाही.

बाकीचं आता महिनाभरापूर्वी झालं. मुलगी पाच महिन्यांची झाली म्हणून नवस फेडायला सगळे गावी गेलो होतो. देवळात आता दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आहेत, एक मी धरली. नातसून मुलीला घेऊन पुढे उभी राहिली. गुरवाने नारळ ठेवला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "हे लेकरू मोठं होईपर्यंत..."

"थांब," मी खुर्चीतून म्हटलं.

गुरव थांबला. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. माझा मुलगा म्हणाला, "आई, मधे बोलत नाहीत."

"मोठं होईपर्यंत काय?" मी गुरवाला विचारलं. "कोण काय करणार आहे? आधी सगळं सांग. मग मी व्हय महाराजा म्हणते."

गुरव गोंधळला. "तू सांभाळ, एवढंच म्हणत होतो आजी. देवीने सांभाळायचं. तुम्ही काही करायचं नाही."

"मग चालेल," मी म्हटलं. "म्हण पुढे."